बोलावल्याशिवाय उघडणारी फाईल

आप्पांच्या कॉम्प्युटरला काहीतरी झालंय, असं आईनं नांदेडहून फोनवर सांगितलं, तेव्हा मला मनातून आनंद झाला. वडिलांचं मशीन बिघडल्यावर लेकीनं खूश व्हावं हे काही बरं लक्षण नाही, पण माझा नाइलाज होता. घरातले दोन पुरुष मे महिन्यापासून एकमेकांशी बोलत नव्हते. त्यातल्या एकाचं मशीन बिघडलं होतं आणि दुसऱ्याला ते दुरुस्त करता येत होतं. माझ्या जागी कुणीही असतं तरी देवापुढं साखर ठेवली असती.

न बोलणाऱ्यांपैकी एक माझे वडील, वसंतराव. सगळी नोकरी नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात झाली. कोण कुणाच्या आधी रुजू झाला याच्या याद्या करायच्या आणि त्या यादीप्रमाणे बढत्यांचे कागद पुढं सरकवायचे, हे त्यांचं काम. मार्चमध्ये रिटायर झाले आणि महिन्याच्या आत त्यांनी कॉम्प्युटर घेतला. एक्सेल शिकले. मग घरातली एकही गोष्ट यादीवाचून राहिली नाही. कोणती कुंडी कधी आणली, कोणतं भांडं कुणाच्या लग्नात आलं, सगळं रुजू तारखेप्रमाणे.

दुसरा माणूस म्हणजे माझे यजमान, आलोक. आम्ही लातूरला राहतो. हे एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात, मी शाळेत इतिहास. आमच्या घरमालकांनी भूकंपानंतर झोपायला म्हणून अंगणात पत्र्याचं शेड टाकलं होतं. भीती ओसरली, शेड राहिलं, आणि आता त्यात हदगाव-धर्माबादची चार पोरं भाड्यानं राहून डॉक्टर व्हायची तयारी करतात. ती सगळी यांना इतकं मानतात की हे अंगणातून नुसते गेले तरी पोरं पुस्तक उघडतात. बाहेर एवढा मान असलेल्या माणसाचं नाव घरच्या लग्नपत्रिकेत नसलं तर काय होतं, ते मी मे महिन्यात पाहिलं.

लग्न माझ्या धाकट्या बहिणीचं होतं, मालविकाचं. पत्रिकेच्या तळाशी 'स्वागतोत्सुक' म्हणून घरच्यांची नावं येतात. ती कोणत्या क्रमानं छापायची यावरून इतर घरांत भांडणं होतात. आमच्या घरी होण्याचं कारण नव्हतं, कारण आप्पांनी एक्सेलमध्ये यादीच केली. नाव, नातं, घराण्यात रुजू झाल्याची तारीख आणि शेरा. वडीलधारे काका वर, मग आप्पा, मग आत्याचे यजमान, शेजारचे कुलकर्णी सुद्धा एक्क्याऐंशी सालापासून रुजू म्हणून मधे. आलोक दोन वर्षांपूर्वी रुजू, म्हणून सगळ्यात खाली. प्रेसवाल्यानं पाहिलं की शेवटची ओळ पत्रिकेच्या वेलबुट्टीवर येतेय. त्यानं वेलबुट्टी ठेवली आणि ओळ काढली.

थोरल्या जावयाचं नाव नाही आणि शेजारच्या कुलकर्ण्यांचं आहे, अशी पत्रिका सगळ्या मराठवाड्यात वाटली गेली. हे लग्नाला आले, वाढायला उभे राहिले, फोटोत हसले, आणि लातूरला परतल्यावर म्हणाले, "आता आप्पांनी स्वतःच्या तोंडानं बोलावल्याशिवाय मी नांदेडच्या घरात पाय ठेवणार नाही." आप्पांचं म्हणणं, यादीत नाव होतं, चूक प्रेसची, मग मी कशाबद्दल बोलू. दोघांनाही आपापलं म्हणणं इतकं पटलं होतं की तिसऱ्याला काही पटवायला जागाच उरली नाही.

एरवी मी हे चालू दिलं असतं. पण श्रावण अधिक आला. धोंड्याचा महिना. तो दर तिसऱ्या वर्षी येतो आणि त्यात जावयाला सासरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, दिवा लावून अनारशांचं वाण द्यायचं, अशी रीत. आमच्या लग्नानंतरचा हा पहिलाच. मालविकाचे अनिमेष तर अगदी नवे जावई, त्यांना आप्पांनी पहिल्याच आठवड्यात परभणीला फोन करून आमंत्रण दिलं. आम्हाला आईचा निरोप आला, "तुम्ही पण या." निरोप आईचा होता, आप्पांचा नव्हता. यांनी तो ऐकला आणि पेपर तपासत राहिले. महिना निम्मा सरला होता. नव्या जावयाला वाण मिळालं आणि थोरला आलाच नाही, हे एकदा चारचौघांत झालं की पुढची तीन वर्षं मी माहेरी एकटीनं, खाली मान घालून जायचं. मला ते नको होतं. मला दोघांचाही राग येत होता, आणि दोघंही मला हवे होते.

म्हणून आई फोनवर म्हणाली, "एक्सेल सुरू केलं की कसलीशी फाईल आपोआप उघडून राहिली, हे लई वैतागले," तेव्हा मी म्हटलं, "आप्पांना फोन दे."

आप्पा आले. "हे बघ देविका, मी रिकामं पान मागतो आणि हे मशीन मला एक जुनी फाईल दाखवतं. रोज. बंद केली तरी उद्या पुन्हा हजर."

"कोणती फाईल?"

"कोणती ते महत्त्वाचं न्हाई. डेस्कटॉपवरची काढून टाकली मी. तरी उघडते. दुकानवाला म्हणतो सगळंच पुसून नव्यानं भरावं लागेल. माझ्या सगळ्या याद्या जातील त्यात." मग म्हणाले, "तुझ्याकडं जे आहेत त्यांना विचार."

तुझ्याकडं जे आहेत ते समोरच खुर्चीत होते. मी रिसीव्हरवर हात ठेवून सगळं सांगितलं. यांनी लाल पेन खाली ठेवला नाही. "त्यांना म्हणावं, टूल्समध्ये जा, त्यात ऑप्शन्स, त्यात जनरल. तिथं सुरुवातीला कोणत्या फोल्डरमधल्या फाईली उघडायच्या असा एक चौकोन आहे. त्यात काही लिहिलंय का?"

मी तिकडं सांगितलं. तिकडून खडखडाट, आईला चष्मा आणायला सांगणं, आणि मग, "चौकोन रिकामा हाय म्हणावं."

"रिकामा आहे म्हणतात," मी सांगितलं.

"मग बघावं लागेल," हे म्हणाले आणि पुढचा पेपर घेतला. "उद्या विचार म्हणावं."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तोवर फोन वाजतच होता. आप्पा म्हणाले, "काय म्हणतात लातूरकर?" लातूरकर म्हणाले, व्हायरस आहे का ते तपासा. आप्पांनी तपासलं, नव्हता. लातूरकर म्हणाले, मशीन बंद करून पुन्हा चालू करा. आप्पांनी केलं, फाईल उघडली. "हे तर मी खामखा रोजच करतो," आप्पा म्हणाले. मी ते तसंच्या तसं सांगितलं नाही. 'आप्पा म्हणतात, करून पाहिलं,' असं सांगितलं. निरोप्याच्या कामात असं थोडं पाणी घालावंच लागतं. यांनी उत्तरादाखल जे म्हटलं त्यात तर मी निम्मं पाणी घातलं.

तिसऱ्या दिवशी आप्पांचा आवाज मऊ होता. "आलोकना विचार," ते म्हणाले, "आणखी काही उपाय आहे का."

मी वळून म्हटलं, "आप्पा विचारतायत, आणखी काही उपाय आहे का."

"नेमकं काय म्हणाले?"

"म्हणाले, आलोकना विचार."

लाल पेन टेबलावर ठेवला गेला. हे म्हणाले, "त्यांना सांग, पत्रिकेची फाईल डेस्कटॉपवरून काढून काही होणार नाही. तिची दुसरी प्रत आत आहे."

मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. पत्रिकेची फाईल हे नाव तिकडून एकदाही आलं नव्हतं. मला स्वतःला ते आता यांच्याकडून कळत होतं. "आप्पा, मी करते फोन," म्हणून मी रिसीव्हर ठेवला आणि यांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले.

"तुम्ही ठेवलीत ती फाईल."

फिजिक्सचे सर एवढेसे झाले. मग सगळं बाहेर आलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी घर जवळजवळ सगळं झोपलेलं असताना हे आप्पांच्या कॉम्प्युटरपाशी बसले. स्वतःचं नाव यादीत खरंच होतं की आप्पा बाता मारतात, तेवढंच बघायचं होतं. नाव होतं, सगळ्यात तळाशी. मग यांनी त्या फाईलची एक प्रत घेतली आणि एक्सेलच्या स्टार्ट नावाच्या फोल्डरात टाकली. त्या फोल्डरात जे ठेवाल ते एक्सेल उघडताच समोर येतं. "भांडलो असतो तर लग्नघर हललं असतं," हे म्हणाले. "म्हटलं, आपण काही बोलायचं नाही. त्यांनी रोज एकदा बघावं, एवढंच."

"आणि तीन दिवस मला तो चौकोन, तो व्हायरस?"

"पहिल्या दिवशी ते म्हणाले, 'तुझ्याकडं जे आहेत.' काल 'लातूरकर.' मी वाट बघत होतो." यांनी टेबलावरच्या लाल पेनाला टोपण लावलं. "आज त्यांनी नाव घेतलं माझं."

मला हसू आलं, रडू आलं आणि दोन्हींपेक्षा जास्त राग आला. पत्रिकेतून एक ओळ गळली म्हणून एका शिकल्यासवरल्या माणसानं सासऱ्याच्या मशीनमध्ये सुरुंग पेरावा, आणि मी शाळेतून दमून येऊन त्याचे निरोप पोचवावेत. मी नांदेडचा नंबर फिरवला, फोनचं स्पीकरचं बटण दाबलं आणि रिसीव्हर यांच्या हातात दिला. "माझी नोकरी सुटली," मी म्हटलं. "आता तुमचं तुम्ही बोला."

"हॅलो," आप्पांचा आवाज खोलीभर झाला. "देविका?"

हे माझ्याकडं बघत होते. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते.

"मी आलोक बोलतोय."

तिकडं आईनं हातातलं भांडं खाली ठेवल्याचं ऐकू आलं. मग आप्पा म्हणाले, "बरं. मग आता कुठं दाबू?"

"माय कॉम्प्युटर उघडा. त्यात सी ड्राइव्ह."

"हाव. उघडला."

"प्रोग्रॅम फाइल्स. त्यात ऑफिसचं फोल्डर. त्यात आणखी एक फोल्डर दिसेल, एक्सएल स्टार्ट."

माउसची टिकटिक होत राहिली. एक फोल्डर चुकलं, हे "मागं या, आप्पा" म्हणाले, आप्पा मागं आले. अडीच महिन्यांत पहिल्यांदा दोघं एकाच वेळी एकाच गोष्टीकडं बघत होते.

"दिसली," आप्पा म्हणाले. "एकच फाईल हाय आत."

"तिच्यावर एकदा क्लिक करा आणि डिलीट दाबा. झालं."

टिकटिक आली नाही. "न्हाई दाबत," आप्पा म्हणाले.

"का?"

"आपोआप काही तिथं जाऊन बसली न्हाई ती. ज्यानं ठेवली त्यानं इथं बसून ठेवली, म्हणून इथं बसूनच काढायची. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी हिनं तुम्हाला चहा आणून दिला होता ना मशीनपाशी? हिनं मला तेव्हाच सांगितलं होतं." आप्पा खाकरले. "दुकानवाल्याला मी बोलावलंच न्हाई कधी. पेन्शनर मंडळी घरी येतात, यात्रेची यादी बघायला. मी एक्सेल उघडतो आणि त्यातले जोशी मोठ्यानं वाचतात, आणि सगळ्यांसमोर विचारतात, 'वसंतराव, यात थोरल्या जावयांचं नाव तर हाय, मग पत्रिकेत कसं नव्हतं?' उद्या जोशींच्या जागी दुसरा कुणी, प्रश्न तोच. लई तकलीफ दिली तुमच्या फाईलीनं. पण प्रश्न बरोबर होता. छापून आल्यावर मी पत्रिका वाचायला पाहिजे होती. ती माझी चूक." मग नेहमीच्या ऑफिसच्या आवाजात, जणू आदेश वाचून दाखवावा तसे म्हणाले, "आलोकराव, रविवारी धोंड्याच्या वाणाला या. मी बोलावून राहिलो."

"येतो, आप्पा," हे म्हणाले. आणि रिसीव्हर ठेवून, डोळ्यांत काही गेलंय असं दाखवत अंगणात गेले. पत्र्याच्या शेडमधल्या पोरांनी ताबडतोब पुस्तकं उघडली.

म्हणजे आईला ठाऊक होतं, आप्पांना ठाऊक होतं, यांना तर होतंच. तीन दिवस घसा कोरडा करणारी मी एकटीच अडाणी. पण रविवारी सकाळच्या गाडीत बसताना माझा राग वाटेतल्या लोह्यापर्यंतसुद्धा टिकला नाही.

नांदेडच्या घरी दोन पाट मांडले होते, भोवती रांगोळी. आलोक आणि अनिमेष शेजारी शेजारी बसले. आईनं तीन दिवस तांदूळ भिजवून, वाटून, गुळात मळून केलेले अनारसे तांब्याच्या ताम्हनात जाळीदार दिसत होते. ताम्हनात दिवा लावला. आप्पांनी वाण आधी कुणाला दिलं, हे सांगायची गरज नाही. रुजू तारीख पाळली गेली. अनिमेषनं धोंडे इतके खाल्ले की त्याच्या बाजूनं तक्रारीचा प्रश्न आला नाही.

जेवणानंतर आप्पा म्हणाले, "चला, तेवढं काम उरकू." आम्ही सगळे कॉम्प्युटरभोवती जमलो. आई हात पुसत मागं उभी राहिली. आप्पांनी यांना खुर्ची दिली. यांनी एक्सेल उघडलं आणि न बोलावता फाईल समोर आली.

पण ती जुनी राहिली नव्हती. सगळ्यात वर, काकांच्याही वर, पहिल्या क्रमांकावर आलोकचं नाव होतं. शेऱ्याच्या रकान्यात आप्पांनी लिहिलं होतं, 'विशेष बाब म्हणून पदोन्नती. सपत्नीक.'

यांचा हात माउसवरून निघाला. जन्मभर एकाही माणसाला रांग मोडू न देणाऱ्या आप्पांनी ती यांच्यासाठी मोडली होती. हे उठून आप्पांच्या पाया पडले. आप्पा "असू द्या, असू द्या" म्हणत भलत्याच खिडकीकडं बघत राहिले. त्या क्षणी मला दोघंही इतके आवडले की गेल्या अडीच महिन्यांचं सगळं माफ करून टाकावंसं वाटलं.

"ते सपत्नीक म्हणजे मी का?" मी विचारलं.

"मग कोण?" आप्पा म्हणाले.

आई पुढं झाली. तिनं पदरानं चष्मा पुसला आणि यादी वरून खालपर्यंत वाचली. काका, आप्पा, आत्याचे यजमान, कुलकर्णी. नावांपुढच्या शेऱ्यात ओळीनं सपत्नीक, सपत्नीक, सपत्नीक. ती भांडखोर बाई नाही. आवाजही चढवला नाही तिनं.

"यात माझी रुजू तारीख कुठं हाय?" तिनं विचारलं.

आप्पा वाकून यादी वरून खाली पाहू लागले.

"न्हाई, विचारलं आपलं," आई म्हणाली. "हे कुलकर्णी माझ्यानंतर आले. नणंदेचं लग्न माझ्या हातनं झालं. हे थोरले जावई तर आत्ताचे. माझ्या मागनं रुजू झालेले सगळे दिसून राहिले यात. नाव गळलं म्हणून तुम्ही दोघं अडीच महिने रुसलात. मी कधीपासून रुसायला पाहिजे होतं, तेवढं एक्सेलला विचारून सांगा."

पत्रिका मीसुद्धा वाचली होती, आणि यांचं नाव नाही म्हणून लातूरला जाऊन रडले होते. तिचं नाव शोधायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

आप्पांनी खुर्ची ओढून घेतली. "आलोकराव," ते हळूच म्हणाले, "सगळ्यात वर एक ओळ घालता येते का हो?"

"येते. पहिल्या ओळीवर उजवं बटण दाबा. इन्सर्ट."

यादी एक ओळ खाली सरकली. एका बोटानं एकेक अक्षर शोधत आप्पांनी लिहिलं, सौदामिनी. पुढच्या रकान्यात, कुणालाही न विचारता, लग्नाची तारीख लिहिली. शेऱ्यापाशी येऊन थांबले आणि मान वर करून आईकडं बघत राहिले. काय लिहायचं ते त्यांना खरोखरच सुचत नव्हतं.

"तिथं तुमचं नाव लिहा," आई म्हणाली.

त्यांनी लिहिलं. मग यांनी विचारलं, "आप्पा, आता काढू का फाईल?"

"अजिबात न्हाई," आई म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.